नोटीस येण्याआधी संघटनेकडे

महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली सेवाशर्तींचा कायदा झाला. त्यात राजीनामा कसा द्यावा, यासाठी एक स्वतंत्र कलम आहे. राजीनाम्याचे पत्र दोन प्रतींत तयार करायचे, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची, असे हे सातवे कलम सांगते. नोकरी सोडून निघालेल्या माणसासाठी कायद्याने एवढा काटेकोरपणा का दाखवावा? कारण उघड आहे. दबाव आणून लिहून घेतलेला किंवा रुजू होतानाच कोऱ्या तारखेने सही करून घेतलेला राजीनामा शिक्षकाच्या गळ्यात मारला जाऊ नये, ही त्यामागची काळजी आहे. हे कलम जवळपास अर्धशतक कायद्याच्या पुस्तकात आहे. पण आज पहिल्यांदा शाळेची पायरी चढणाऱ्या किती शिक्षकांना ते ठाऊक असते? पाठाचे टाचण कसे काढावे, वर्ग कसा सांभाळावा, मुलांचे मूल्यमापन कसे करावे, हे डीएड-बीएडमध्ये शिकवले जाते. आपली नोकरी कोणत्या नियमांवर उभी आहे, हे मात्र शिक्षक नोकरीत ठेचा खात शिकतो. या ठेचा टाळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग शिक्षक संघटनेतून जातो आणि त्या मार्गाला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच लागले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. अडचण आल्यावर संघटना शोधणाऱ्यालाही मदत मिळते, पण अनेकदा ती वेळ निघून गेल्यावर मिळते.

नवा शिक्षक नेमका किती उघड्यावर असतो, हे आधी पाहायला हवे. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. तेव्हापासून नव्याने लागणारा शिक्षक पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीवर नसतो, मानधनावर असतो. हे मानधन कित्येक वर्षे प्राथमिकसाठी ६ हजार, माध्यमिकसाठी ८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी ९ हजार रुपयांवर अडकून पडले होते. संघटनांनी लावून धरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाले. पण प्रश्न केवळ पैशांचा नाही. ही तीन वर्षे परिविक्षेची असतात. काम किंवा वर्तणूक समाधानकारक नाही असे संस्थेला वाटले, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन सेवा संपवण्याची मुभा कायदा देतो. म्हणजे ज्या काळात माणसाची कमाई सर्वांत कमी, ओळखी सर्वांत कमी आणि नियमांची माहितीही सर्वांत कमी, त्याच काळात त्याची नोकरी सर्वांत कच्ची असते. त्याच वेळी शाळेतल्या नावडत्या कामांची रांग त्याच्याच दाराशी लागते. बीएलओची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, स्नेहसंमेलन, रजेवर गेलेल्या प्रत्येकाचे तास. नाही म्हणायची सोय नसते, कारण गोपनीय अहवाल लिहिणारा हात समोरच असतो.

अशा माणसाच्या पहिल्या अडचणी मोर्च्याच्या नसतात, कागदाच्या असतात. सुरुवात नेमणुकीच्या पत्रापासून होते. कायम आणि रिक्त जागेवर घेतलेल्या शिक्षकाला परिविक्षेवर नेमावे, असे कायद्याचे पाचवे कलम म्हणते. पण पत्रात ‘या शैक्षणिक वर्षापुरती तात्पुरती नेमणूक’ असे शब्द पडले, तर पुढे न्यायाधिकरणात सारा वाद याच ओळीभोवती फिरतो. जागा कायम होती की नव्हती, जाहिरात कशी निघाली होती, आरक्षणाचा बिंदू कोणता होता, हे सिद्ध करण्याचे ओझे त्या शिक्षकाच्या खांद्यावर येते. पत्र हातात पडले त्या दिवशी एखाद्या जाणत्या कार्यकर्त्याने ती ओळ वाचली असती, तर आक्षेप त्याच आठवड्यात लेखी नोंदवता आला असता. पुढची पायरी शिक्षणाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक मान्यतेची. ती मिळाल्याशिवाय अनुदानित शाळेत शालार्थ आयडी मिळत नाही आणि त्या आयडीशिवाय पगार निघत नाही. मान्यतेचा प्रस्ताव संस्थेने पाठवायचा असतो. तो पाठवला की नाही, त्रुटी निघाली असेल तर ती कोणती, फाइल कोणत्या टेबलावर आहे, हे नव्या शिक्षकाला कोणीही आपणहून सांगत नाही. नागपूर विभागात २०२५ मध्ये बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा या किचकट वाटेवर काय काय घडू शकते ते राज्याने पाहिले. आपली मान्यता कशी मिळते हे ज्याला समजत नाही, तो एजंटाच्या हाती सहज सापडतो. संघटनेचा तालुक्यातला साधा पदाधिकारी ही वाट रोज तुडवत असतो. त्याच्याकडे जाणे हा एजंटाला चांगला आणि स्वच्छ पर्याय आहे.

कागदाची अडचण नोटिशीपर्यंत गेली, की संघटनेची गरज किती खरी आहे ते नियमांतूनच दिसते. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला छत्तिसावा नियम चौकशी समितीविषयी आहे. आरोपांचे पत्र आले, की शिक्षकाने सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा असतो. खुलासा पटला नाही आणि संस्थेने चौकशीचा निर्णय घेतला, तर तीन सदस्यांची समिती नेमली जाते. एक सदस्य संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि तिसरा आरोप असलेल्या कर्मचाऱ्याने स्वतः सुचवलेला. हा तिसरा सदस्य कोणत्याही खासगी शाळेतील कर्मचारी असू शकतो. त्याचे नाव त्याच्या संमतीसह पंधरा दिवसांत कळवायचे असते. ते कळवले नाही, तर उरलेल्या दोघांचीच समिती झाली असे नियम धरून चालतो. आता विचार करा. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या एखाद्या शाळेत वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या तरुण शिक्षकाने पंधरा दिवसांत असा माणूस कोठून आणायचा? आपल्या शाळेतला सहकारी संस्थेच्या विरोधात बसायला धजावत नाही. दुसऱ्या शाळेत कोणाची ओळख नाही. कायद्याने त्याला समितीत आपली एक खुर्ची दिली आहे आणि ती खुर्ची केवळ ओळखीच्या अभावी रिकामी राहते. जिल्हाभर सभासद असलेल्या संघटनेला असा माणूस देणे हे एका फोनचे काम आहे. चौकशीचे नियम कोळून प्यालेला, प्रश्न विचारायला न घाबरणारा आणि संस्थेच्या दबावाबाहेरचा अनुभवी शिक्षक संघटनेखेरीज दुसरीकडे मिळणे फार अवघड आहे.

सेवा संपलीच, तर त्यापुढची घड्याळे आणखी वेगाने चालतात. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे यांविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, पण आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत. उशिराला पुरेसे कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण ते पटवून द्यावे लागते. नव्या शिक्षकाचे हे तीस दिवस बहुतेक वेळा विनवण्यांत जातात. संस्थाचालकांना भेटणे, गावातल्या पुढाऱ्याकडून चिठ्ठी आणणे, ‘पुढच्या जूनमध्ये बघू’ या आश्वासनावर विसंबणे यांत महिना सरतो. साधे कामगार न्यायालय शिक्षकाला उघडे आहे, असाही अनेकांचा समज असतो. तो दरवाजा १९८८ मध्येच बंद झाला. गोव्यातल्या एका शाळेने कामावरून काढलेल्या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असा निर्णय दिला. मात्र शिक्षकांना पिळणाऱ्या व्यवस्थापनांच्या रीती आपल्याला ठाऊक आहेत, हेही न्यायालयाने त्याच निकालात नमूद केले आणि शिक्षकांसाठी न्यायाधिकरणासारखी यंत्रणा हवी, असे सांगून गोवा सरकारने तसा कायदा करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. महाराष्ट्रात ती यंत्रणा त्याआधीपासूनच होती. म्हणजे आपल्याकडच्या शिक्षकाला हत्यार मिळालेले आहे. ते कोठे ठेवले आहे आणि किती दिवसांत उचलायचे, हे सांगणारा माणूस वेळेवर भेटणे एवढाच प्रश्न उरतो.

संघटनेची मदत केवळ वादासाठी आहे, असे मात्र समजू नये. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस ५ ऑक्टोबर १९६६ रोजी स्वीकारली. जागतिक शिक्षक दिन त्याच तारखेला पाळला जातो. परिविक्षेचा काळ हा नव्या शिक्षकाला उत्तेजन देण्याचा आणि व्यवसायात नीट रुजवण्याचा काळ मानावा, असे ती शिफारस सांगते. आपली १९८१ ची नियमावलीही परिविक्षेवरील कर्मचाऱ्याच्या कामाचे मुख्याध्यापकाने वस्तुनिष्ठ मूल्यमापन करावे आणि त्याची नोंद ठेवावी, असे बजावते. प्रत्यक्षात तीन वर्षांत वर्गात बसून पाठ पाहिला गेला, उणीव लेखी कळवली गेली आणि सुधारायला वेळ दिला गेला, असे किती ठिकाणी घडते? जेथे घडत नाही, तेथे संघटनेने मुख्याध्यापकांकडे जाऊन तेवढीच मागणी करावी. ‘आमच्या सभासदाचा पाठ पाहा, काय चुकते ते लिहून द्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहा.’ या मागणीत कोणाशीही भांडण नाही. उलट मुलांचा फायदा आहे. साठ मुलांचा पहिला वर्ग हाताळताना गांगरलेल्या शिक्षकाला वीस वर्षे त्याच इयत्तेला शिकवलेल्या सभासदाचे अर्ध्या तासाचे बोलणे जे देईल, ते एखाद्या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रातून मिळणार नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकावर टाकायला मनाई केली आहे. ती मनाई एकट्या शिक्षणसेवकाने गटशिक्षणाधिकाऱ्यांना ऐकवणे आणि तालुक्याच्या संघटनेने लेखी पत्राने कळवणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नव्या शिक्षिकांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शाळांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. लहान शाळांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती आहे आणि तक्रारीची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची आहे. अशा प्रकरणात संघटनेने समेट घडवायला बसू नये. ते काम समितीचे आहे. पण समिती खरोखर अस्तित्वात आहे की तिचा केवळ फलक भिंतीवर आहे, हे विचारणे, तक्रार लिहिताना सोबत बसणे, चौकशीच्या काळात त्या शिक्षिकेवर बदलीचा किंवा मेमोचा सूड उगवला जाऊ नये म्हणून लक्ष ठेवणे, हे संघटनेचे कामच आहे. त्यासाठी संघटनेच्या तालुका-जिल्हा कार्यकारिणीत महिला केवळ महिला आघाडीच्या अध्यक्ष म्हणून नव्हे, तर सरचिटणीस आणि कोषाध्यक्ष म्हणूनही दिसल्या पाहिजेत. घाबरलेली तरुण शिक्षिका फोन उचलणारी व्यक्ती कोण आहे, हे पाहूनच फोन करायचा की नाही ते ठरवते.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा, की शिक्षक संघटना निवडणुकांसाठी जगतात. पतसंस्थेची निवडणूक, जिल्हा परिषदेतली वशिलेबाजी आणि विधान परिषदेची उमेदवारी यांपलीकडे त्यांना नव्या शिक्षकाचे काही पडलेले नसते. यात तथ्य आहे आणि त्याचे एक कारण रचनेतच आहे. आपल्या ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत सात जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. पण या मतदारसंघात मत देण्यासाठी माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेले असावे लागते. म्हणजे पहिली तीन वर्षे नवा शिक्षक मतदारच नसतो. नेमक्या ज्या काळात त्याला आधार हवा, त्या काळात आमदारकीकडे डोळे लावून बसलेल्या नेत्याच्या हिशेबात तो मोजला जात नाही. प्राथमिक शिक्षक तर या यादीत कधीच येत नाही. हे वास्तव मान्य करूनही त्यावरचा उपाय संघटनेपासून दूर राहणे हा नाही. विधान परिषदेसाठी मत नसले, तरी सभासदाला संघटनेच्या आत मत आणि आवाज असतो. शाखेच्या सभेत दहा शिक्षणसेवक एकत्र उभे राहून ‘आमच्या मान्यतांच्या प्रस्तावांचे काय झाले’ असे विचारू लागले, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय येतोच. बाहेर उभे राहून संघटना निवडणूकबाज आहे म्हणणाऱ्याने तिला तशीच राहू दिलेले असते.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. संघटना कामचुकारांना पाठीशी घालतात, असे पालक म्हणतात. शाळेत वेळेवर न येणारा, वर्गात मोबाइल पाहत बसणारा शिक्षक संघटनेच्या जोरावर टिकतो, हा त्यांचा अनुभव खोटा म्हणता येणार नाही. पण नीट पाहिले, तर असा शिक्षक टिकतो तो नियमांमुळे नव्हे, नियम न पाळल्यामुळे. मुख्याध्यापकाने वर्षानुवर्षे गोपनीय अहवालात चांगलेच शेरे मारलेले असतात, लेखी सूचना कधी दिलेली नसते आणि एक दिवस राग अनावर होऊन सेवा संपवलेली असते. असा आदेश न्यायाधिकरणात टिकत नाही. योग्य चौकशीचा आग्रह धरणे म्हणजे दोषी माणसाला सोडवणे नव्हे. आरोप खरा असेल, तर नीट चौकशी झालेला आदेश वरच्या न्यायालयातही टिकतो. त्यामुळे नियमाप्रमाणे चालण्याचा आग्रह धरणारी संघटना पालकांच्या हिताविरुद्ध नाही. संघटनांनी मात्र येथे एक लक्ष्मणरेषा स्वतः आखायला हवी. मुलांना मारहाण, मुलींशी गैरवर्तन, शिकवण्यात सरळसरळ टाळाटाळ अशा बाबतींत संघटना सभासदाला चौकशीत प्रतिनिधी देईल, पण त्याच्यासाठी मोर्चा काढणार नाही, हे जाहीरपणे सांगावे. तसे सांगितले, तर खऱ्या अन्यायाच्या वेळी संघटनेचा शब्द जड पडेल.

तिसरा आक्षेप नव्या शिक्षकाच्या मनातला, आणि तो भीतीचा आहे. संघटनेत गेलो हे कळले, तर संस्था आपल्यावर डूख धरेल. विशेषतः विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत, जेथे पगार कागदावर एक आणि हातात दुसरा असतो, तेथे ही भीती अगदी खरी आहे. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने संघटना करण्याचा हक्क दिला आहे, असे सांगून ती जात नाही. कारण परिविक्षेवरच्या माणसाला काढताना कोणी ‘संघटनेचा सभासद’ असे कारण लिहीत नाही. म्हणून उपाय व्यवहारातला हवा. एक म्हणजे, एकट्याने न जाता त्याच वर्षी लागलेल्या शिक्षकांनी मिळून सभासद व्हावे, कारण पाच-सहा जणांना एकदम अडचणीत आणणे शाळेलाच परवडत नाही. दुसरे म्हणजे, संघटनेने पहिले पत्र कोणाचेही नाव न घेता तालुक्यातल्या सर्व शाळांना पाठवावे. सेवापुस्तिका, मानधन आणि भविष्यनिर्वाह निधी किंवा एनपीएस खात्याची माहिती सर्व नव्या कर्मचाऱ्यांना द्यावी, अशी सर्वसाधारण मागणी केली, की बोट कोणा एकाकडे वळत नाही. आणि तिसरे, १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे, मग त्यांना अनुदान असो वा नसो, हे त्या शाळांतल्या शिक्षकांपर्यंत पोहोचवावे. आपल्याला कायदाच नाही, या गैरसमजावर अनेक संस्थांचा कारभार चालतो.

चौथा आक्षेप नव्या काळातला आहे. व्हॉट्सॲपवर शासननिर्णय मिळतात, माहितीचा अधिकार आहे, वकील आहेत, मग वर्गणी भरून संघटना कशाला? माहिती मिळते हे खरे. पण दिवसभरात चाळीस शासननिर्णय पुढे ढकलणाऱ्या ग्रुपवर त्यांतला कोणता रद्द झाला, कोणता जिल्हा परिषदेला लागू आहे आणि कोणता खासगी शाळेला, हे सांगणारा कोणी नसतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे शिस्त आणि अपिलाचे नियम वेगळे, खासगी शाळेतल्या शिक्षकाचे वेगळे. चुकीच्या नियमाच्या आधारे केलेला अर्ज महिनाभराने परत येतो आणि तोवर मुदत संपलेली असते. माहितीच्या अधिकारातले उत्तर यायला तीस दिवस लागू शकतात आणि न्यायाधिकरणाची मुदतही तीसच दिवसांची आहे. वकील हवाच, पण १६ हजारांच्या मानधनातून वकिलाची फी देणाऱ्यापेक्षा, संघटनेने ठरवून ठेवलेल्या वकिलाकडे सगळी कागदपत्रे लावून जाणारा शिक्षक कितीतरी भक्कम असतो. शिवाय वकील एक खटला लढतो. त्याच संस्थेत दरवर्षी शिक्षणसेवकांना तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर काढले जात असेल, तर तो पॅटर्न ओळखून शिक्षण उपसंचालकांपुढे मांडणे हे संघटनेलाच जमते.

मग नव्या शिक्षकाने करायचे काय? रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात आपल्या स्तरावर आणि आपल्या प्रकारच्या शाळेत काम करणाऱ्या दोन-तीन संघटनांची चौकशी करावी. तालुक्यात कोण भेटते, फोन कोण उचलतो, मागच्या वर्षी किती सभासदांची मान्यतेची कामे झाली, वर्गणीची पावती मिळते का, हिशेब सभेपुढे ठेवला जातो का, असे थेट प्रश्न विचारावेत. ज्या संघटनेकडे याची सरळ उत्तरे आहेत, तीत जावे, तिचे नाव मोठे असो वा छोटे. नेमणुकीचे पत्र, रुजू अहवाल, मान्यतेचा प्रस्ताव, मानधन जमा झाल्याची बँकेची नोंद आणि प्रत्येक मेमो यांची एक फाइल घरी ठेवावी. शाळेला दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्यावी किंवा आवक क्रमांक लिहून घ्यावा. पोहोच देत नसतील, तर अर्ज नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. कोऱ्या कागदावर किंवा तारीख नसलेल्या कागदावर सही करू नये. खुलासा मागणारे पत्र आले, तर रागात किंवा रडवेले होऊन त्याच संध्याकाळी उत्तर न लिहिता ते आधी संघटनेच्या माणसाला दाखवावे. सात दिवस कमी असले, तरी एक रात्र थांबण्याइतके नक्कीच आहेत. तोंडी माफी मागून प्रकरण मिटेल, या आशेवर लेखी कबुली देऊन बसलेल्यांना मदत करणे संघटनेलाही अवघड जाते.

संघटनांकडूनही तेवढीच स्पष्ट मागणी आहे. दरवर्षी शिक्षकभरतीच्या नेमणुका झाल्या, की पंधरा दिवसांच्या आत तालुक्यात नव्या शिक्षकांची एक बैठक घ्या. पवित्र पोर्टलमार्फत निवड झालेले उमेदवार एकाच वेळी, दूरच्या जिल्ह्यांतून येतात, त्यामुळे त्यांना गाठणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. त्या बैठकीत सत्कार आणि भाषणे आवरती घ्या आणि नेमणूकपत्र, मान्यता, सेवापुस्तिका, चौकशीचे नियम, अपिलाची मुदत यांची चार पानी पुस्तिका मराठीत हातात द्या. शिक्षणसेवकांना पहिली तीन वर्षे नाममात्र वर्गणीत सभासद करून घ्या. चौकशी समितीवर बसायला तयार असलेल्या अनुभवी शिक्षकांची जिल्हावार यादी तयार ठेवा. प्रत्येक तालुका कार्यकारिणीत पाच वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्या शिक्षकासाठी एक जागा राखा. यांतल्या कशालाही शासनाची परवानगी लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही. लागते ती इच्छा.

महाराष्ट्रातल्या शिक्षक संघटनांचा इतिहास लहान नाही. १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपात शिक्षक सरकारी कर्मचाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. आजची वेतनश्रेणी, महागाईभत्ता, सेवेची शाश्वती यांत त्या पिढीचा घाम आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर जो आठवडाभराचा संप झाला, त्याच्या केंद्रस्थानी नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या पिढीचाच प्रश्न होता. ही पिढी संघटित व्हायला तयार आहे, हे त्या संपाने दाखवून दिले. तिच्यानंतर येणाऱ्या शिक्षणसेवकांना मात्र आंदोलनाची हाक येईपर्यंत थांबायला लावणे संघटनांना आणि शाळांनाही परवडणार नाही. घाबरलेला शिक्षक मुलांना निर्भय करू शकत नाही. म्हणून ज्या वाचकांच्या घरात या वर्षी कोणी शिक्षक म्हणून रुजू झाले असेल, त्यांनी एवढे करावे. पहिला पगार किंवा पहिले मानधन हातात पडण्याआधी त्यांना तालुक्यातल्या संघटनेच्या कार्यकर्त्याकडे घेऊन जावे, नेमणुकीचे पत्र सोबत न्यावे आणि ते त्या कार्यकर्त्याकडून शब्दन्‌शब्द वाचून घ्यावे.